व्हॅटच्या काळातल्या सेटिंगचं काय करू?

प्रश्न : आम्ही सांगलीतल्या हळद व्यापाऱ्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर देतो. त्यात व्हॅटच्या वेळच्या ढीगभर सेटिंग अजून आहेत. उडवल्या तर चालेल?

उत्तर : उडवाच, पण सरसकट नको. व्हॅटच्या जागी जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, नवीन बिलाला त्या लागणार नाहीत, पण जुनं बिल परत छापताना तीच सेटिंग वाचली जाते का ते आधी कोडमध्ये शोधा, आणि नुसतं कोडमध्ये नाही, व्यापाऱ्यांच्या कॉम्प्युटरवरच्या कॉन्फिग फायली (सेटिंग साठवलेल्या फायली) पण मागवून बघा, खरी मेख तिथंच असते. मग एका व्हर्जनपुरती लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदींच्या फायलीत, ही सेटिंग जाणार अशी सूचना द्या, पुढच्या व्हर्जनला सेटिंग आणि तिच्यामागचा इफ-एल्स (सेटिंग चालू की बंद ते बघणारा कोड) दोन्ही एकदमच काढा. स्क्रीनवरचा नुसता टिकबॉक्स लपवून काही साधत नाही.

आणि कृपा करून जुनी सेटिंग नव्या कामाला जुंपू नका! अमेरिकेत नाइट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग कंपनीनं २०१२ मध्ये जुना फ्लॅग, म्हणजे चालू-बंद करायची सेटिंग, असाच परत वापरला, एका सर्व्हरवर जुना कोड राहून गेलेला, तो त्यानं चालू झाला, पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या आसपास बुडाले. वाचून अजून धस्स होतं.

हे काम हळदीचा सीझन उतरल्यावरच काढा, सौदे जोरात चालू असताना अजिबात नको.