नवीन गुरुजीले: पोट्ट्यायच्या डोक्याबद्दल

भाऊ, शाळेवर नवीन रुजू झाला तं एक सांगतो, ट्रेनिंगमधी कोणी म्हणीन का हे पोट्टं पाहून शिकणारं, ते ऐकून शिकणारं, तं त्या भानगडीत जास्त पडू नको. 2008 मधी पॅश्लर अन् त्याच्या सोबतच्या मानसशास्त्रज्ञायनं यावरचं संशोधन तपासलं, अन् अशी वाटणी करून शिकवल्यानं फायदा होते याचा धड पुरावा त्यायले सापडला नाई. आवड वेगळी असते, ते खरं हाये. पण नकाशा पाहूनच समजते, मंग पोट्टं कोणतंही असो.

फरक पडते तो आधी काय माहीत हाये त्याचा. आमच्या वर्गातली एक पोरगी पाढ्यात अडकायची, पण मायसंग कापूस वेचाले जाये तं किलोमागं भाव किती, मायचे किती झाले, पटकन सांगे. मंग गुणाकार तिथूनच सुरू केला, काट्यावरचं गाठोडं, पावकिलो, अर्धा किलो, सारं फळ्यावर.

धडा दहा डाव वाचून घेण्यापेक्षा पुस्तक बंद करून विचारजो. रोडिगर अन् कार्पिक या मानसशास्त्रज्ञायनं 2006 मधी दाखवलं का आठवून पाहिलेलं हप्त्यानंतरही जास्त ध्यानात राहते. अन् मधी थोडं विसरू देजो बाप्पा, दोनचार दिवसानं पुन्हा विचारजो (साहेबायले लगेच उत्तर पायजे असते, ते सोड). वेचाईच्या दिवसात पोट्टे पेंगते, तवा ओरडू नको, झोपेत मेंदू शिकलेलं पक्कं करते, मायबापाले रात्रीच्या मोबाईलचं मात्र नक्की सांगजो.