पंचांगातली वेळ खरी, मग पुढचं खोटं कसं?

प्रश्न: ताई, मला आता सातवा लागलाय. ७ सप्टेंबर २०२५ च्या चंद्रग्रहणात, रात्री ९:५७ ते १:२६, सासूबाईंनी मला पडदे लावून खोलीत बसवलं, सुरीला हात नाही, पाण्याचा घोट नाही. मी फिजिक्स शिकलेली, तरी बसले. वाद घातला तर म्हणाल्या, ग्रहणाची वेळ मिनिटावर खरी ठरते ना, मग पुढचं लिहिलेलं तेवढं खोटं कसं? मला उत्तरच सुचलं नाही. धर्माचं आणि विज्ञानाचं कधी पटणारच नाही का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: अगं, सासूबाई हुशार आहेत हां, बरोबर जागी बोट ठेवलंय. पण त्यांना म्हणावं, ही वेळ कायम खरी ठरत नव्हती. आपल्याकडची पंचांगं कित्येक पिढ्या गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघव या ग्रहगणिताच्या ग्रंथावरून व्हायची, तो १५२० चा, आणि त्या माणसानं स्वतः जुन्या ग्रंथांचे आकडे आकाशाशी ताडून बदलले होते. नंतरच्यांनी काय केलं, तर पोथी धरली आणि वर बघायचं सोडलं, मग तीनेकशे वर्षं चूक साचत गेली आणि कागदावरचं ग्रहण आणि डोळ्यांना दिसणारं ग्रहण यांचा मेळ बसेना. मग आपल्या पुण्यातले केरूनाना छत्रे, टिळकांचे गणिताचे गुरू, त्यांनी १८६५ च्या सुमारास इंग्रजांच्या नॉटिकल अल्मनॅकच्या, म्हणजे जहाजांसाठी छापलेल्या ग्रहताऱ्यांच्या कोष्टकांच्या, आधारानं पटवर्धनी पंचांग काढलं. लोकांनी लगेच उचललं? छे, बहुतेकांनी जुनंच चालू ठेवलं. पंचांगांचा वाद अजून मिटलेला नाही बरं का, टिळक पंचांगाचे अयनांश, म्हणजे राशिचक्र कुठून मोजायचं ते ठरवणारा आकडा, बाकीच्यांपेक्षा जवळपास चार अंशांनी वेगळे, म्हणून एखाद्या वर्षी अधिक महिनाच वेगळा येतो आणि काही घरांत गणपती महिनाभर आधी बसतात!

म्हणजे वेळेच्या रकान्याची सर्व्हिसिंग होत आली म्हणून तो खरा. गरोदर बाईच्या नियमांची कुणी एकदा तरी केली का, एवढंच विचार सासूबाईंना. पटण्या-न पटण्याचं म्हणशील तर गॅलिलिओ शेवटपर्यंत कॅथलिकच होता की, तरी पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणाला म्हणून १६३३ मध्ये शिक्षा झाली, मरेपर्यंत नजरकैद, आणि पोपनी चूक कबूल करायला १९९२ उजाडलं. दुरुस्ती करायचा हक्क कुणाचा, यावर सगळं पेटतं, देव बिचारा बाजूलाच राहतो.

पाणी मात्र तोडायचं नाही, त्यासाठी भांडायला लागलं तरी भांड. माझी आजी तांब्यात तुळशीचं पान टाकायची आणि ग्रहणात आजोबांना खुशाल पाणी द्यायची, धर्मही राहिला आणि आजोबांचा घसाही.

२ ऑगस्ट २०२७ ला पुण्यातून खंडग्रास सूर्यग्रहण आहे, बाळ तेव्हा दीड वर्षाहून मोठं असेल. ग्रहणाचे चष्मे आण, गॉगल किंवा एक्सरेची फिल्म चालत नाही, आणि एक सासूबाईंना दे. बाळ काही चष्मा ठेवणार नाही, त्याला सूर्याकडे पाठ करून बसव आणि गच्चीत पुरणाची चाळणी उन्हात धर, फरशीवर प्रत्येक भोकाचा एकेक कडेला चावा घेतलेला छोटा सूर्य पडतो, शेकड्यानं. फक्त पुण्यातला ऑगस्ट आहे, ढग हटायला हवेत.