सजावटीचे ४८० आणि पॉलिसीचे १२,०००

वाचकाचं पत्र: नमस्कार. आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. गेल्या हिवाळ्यात टाउनहाउस घेतलं, त्यामुळे स्वतःचं पोर्च असलेला हा आमचा पहिलाच फॉल. गल्लीत सगळ्यांच्या दारापुढे भोपळे, शेवंतीच्या कुंड्या, मक्याची ताटं लागली आहेत आणि आमचंच दार ओकंबोकं दिसतंय. सात वर्षांची मुलगी रोज विचारते, आपलं कधी लावायचं? एका स्टोअरमध्ये तयार सेट आहे, ४८० डॉलर. त्यांचं कार्ड घेतलं तर बारा महिने व्याज नाही. घ्यावा का, की दोनशेत काही बसेल? मिस्टरांचा पगार दीड लाख डॉलर आहे, पण महिनाअखेर हातात काही उरत नाही. फर्निचरचे ४,२०० डॉलर अजून क्रेडिट कार्डावर आहेत, व्याज २७ टक्के. बचत मात्र चांगली चालू आहे. मंडळातल्या एका मित्राकडून दोन वर्षांपूर्वी आययूएल (शेअर निर्देशांकाशी जोडलेली आयुर्विमा पॉलिसी) घेतली, महिना १,००० डॉलर. बाजार पडला तरी नुकसान नाही आणि रिटायरमेंटला टॅक्स-फ्री पैसे. त्यासाठी यांनी ४०१-के (नोकरीतलं निवृत्तीच्या बचतीचं खातं) बंद केलं, कारण भारतात परत गेलो तर ते पैसे अडकतात असं तो म्हणाला. पॉलिसीचे आणि कंपनीच्या बेनिफिट्सचे फोटो जोडले आहेत, तुम्हाला अंदाज यावा म्हणून.

ताई, सेट घेऊ नका. एकशेदहा डॉलरच्या आत तुमचं पोर्च त्या सेटहून चांगलं दिसेल, कारण त्यातल्या बहुतेक वस्तू प्लास्टिकच्या असतात आणि फॉलची शोभा खऱ्या फुलापानांची असते. शेवंतीच्या दोन मोठ्या कुंड्या घ्या, दोन्ही मिळून ३५ डॉलर. पूर्ण फुललेली कुंडी उचलू नका. जिच्यावर कळ्या गच्च आणि उघडलेली फुलं मोजकी, ती घ्या. ती बरेच आठवडे पुरते. पाणी मुळाशी घाला आणि माती रोज बोटाने दाबून बघा, कारण या कुंड्यांत मुळं इतकी दाटलेली असतात की एका उन्हाच्या दुपारीही झाड मान टाकतं. भोपळे तीन मोठे, दोन लहान, सगळे मिळून ३५. कोरू नका. कोरलेला भोपळा आठवडाभरात मऊ पडून बुरशी धरतो. न कोरलेला सप्टेंबरअखेर आणला तरी थँक्सगिव्हिंगपर्यंत बसतो. मुलीला हॅलोविनसाठी एक कोरायचाच असेल तर तो ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आणा. लहान दोन ‘शुगर पम्पकिन’ जातीचे घ्या आणि कडाक्याची थंडी पडायच्या आत घरात घेऊन घारगे करा. शेतावरच्या स्टँडवर मक्याची ताटं १० डॉलरला आणि वाळलेल्या गवताची गासडी १२ ला मिळते. दारावरच्या रिंगेला वेलीचा साचा आणि रिबन, १५. झेंडूचं तोरण आणि दिवाळीची पिवळ्या दिव्यांची माळ तुमच्याकडे असणारच. रंग तेच आहेत, आताच लावा, दिवाळीपर्यंत राहू द्या. खिळा ठोकण्याआधी तुमच्या एचओएचे (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघाचे) नियम तेवढे वाचा.

आणि स्टोअरचं कार्ड नकोच. ‘बारा महिने व्याज नाही’ याचा अर्थ बहुतेक स्टोअर कार्डांत असा असतो की व्याज पहिल्या दिवसापासून बाजूला मोजलं जातं. बाराव्या महिन्याअखेर थोडीशीही बाकी राहिली की ते सगळं एकदम अंगावर येतं. दर साधारण ३० टक्के. महिना पंचवीस डॉलर भरत राहिलात तर शेवटी पावणेदोनशेच्या आसपास बाकी आणि वर शंभरेक डॉलर व्याज.

हे झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पण दीड लाख पगाराच्या घरात ४८० डॉलरसाठी हप्ते का शोधावे लागतात, त्याचं कारण तुम्ही पाठवलेल्या फोटोंमध्ये आहे.

बेनिफिट्सच्या पानावर लिहिलंय: तुम्ही पगाराच्या चार टक्के ४०१-केमध्ये टाकले तर कंपनी तेवढेच चार टक्के टाकते, आणि ते लगेच तुमच्या मालकीचे होतात. दीड लाखाचे चार टक्के म्हणजे ६,०००. दरवर्षी सहा हजार डॉलर पगार कंपनी द्यायला तयार आहे आणि तुम्ही दोन वर्षं तो घेतलेला नाही. बारा हजार गेले. कंपनीचा हा वाटा, म्हणजे मॅच, प्रत्येक पगारासोबत जमा होतो. मागच्या महिन्यांचा नंतर मागून मिळत नाही.

आता पॉलिसीचं स्टेटमेंट. दोन वर्षांत भरलेले २४,०००. खात्यात दिसणारी रक्कम १८,५००, म्हणजे इंडेक्सचं व्याज जमा होऊनही साडेपाच हजार कमी. त्याच्या खालच्या ओळीत ‘सरेंडर व्हॅल्यू’ ६,०००. आज पॉलिसी मोडली तर मुदतीआधी मोडण्याचा आकार, म्हणजे सरेंडर चार्ज, कापून तुमच्या हातात येणारी रक्कम ही आहे. ‘बाजार पडला तरी नुकसान नाही’ असं ज्या वस्तूबद्दल तुम्हाला सांगितलं, तिच्यात दोन वर्षांत २४ चे ६ झाले आहेत, आणि बाजार पडलेलाही नव्हता.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्यासारखी बरीच घरं यात आहेत. आययूएल ही मुळात आयुर्विमा पॉलिसी आहे. प्रीमियममधून आधी कंपनीचा खर्च जातो, मग विम्याचा खर्च, आणि हा विम्याचा खर्च वयाबरोबर वाढत जातो. उरलेल्या पैशाला शेअर बाजाराच्या निर्देशांकाशी जोडलेलं व्याज मिळतं, पण वरून मर्यादा घालून. तुमच्या कागदावर ती मर्यादा ९ टक्के आहे. एस अँड पी ५०० हा निर्देशांक २०२३ मध्ये सुमारे २४ टक्के वाढला, २०२४ मध्ये २३. नऊची मर्यादा असेल तर अशा वर्षात तुम्हाला नऊच मिळतात, आणि निर्देशांकातल्या कंपन्यांचा डिव्हिडंड तर हिशोबात धरतच नाहीत. बाजार पडला तर व्याज शून्य, हे खरं. मात्र त्या वर्षीही खर्च कापलेच जातात, म्हणजे खात्यातली रक्कम घटते. शिवाय नऊची ही मर्यादा कंपनी बदलू शकते. तुमच्याच कागदावर बारीक अक्षरात हमीची मर्यादा ३ टक्के लिहिली आहे. मित्राने ती ओळ वाचून दाखवली होती का?

सगळ्यात महत्त्वाचं पान तिसरं. त्यावर दोन रकाने आहेत. उजवीकडच्या रकान्यात दरवर्षी न चुकता ६.७ टक्के धरून साठीनंतर मोठमोठे आकडे आहेत, आणि त्याखाली पेनाने गोल केलेला आहे. त्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलंय की या रकमेची हमी नाही. हमीचा रकाना डावीकडे आहे. त्यात सव्विसाव्या वर्षापासून शून्यं आहेत. मिस्टर आज ३७ चे आहेत. साठी ओलांडल्यावर, विमा खरोखर महाग होतो त्या वयात, पॉलिसी संपते असं कंपनी स्वतः लिहून देते आहे. मी असे कागद पाहतो तेव्हा गोल नेहमी उजवीकडेच असतो, आणि याचा मला राग येतो. विकणाऱ्याला पहिल्या वर्षाच्या प्रीमियमचा मोठा हिस्सा कमिशन म्हणून मिळतो; घेणाऱ्याला डावा रकाना कुणी वाचून दाखवत नाही.

‘टॅक्स-फ्री पैसे’ हे प्रत्यक्षात स्वतःच्या पॉलिसीवर काढलेलं कर्ज असतं. कर्ज चालू असताना पॉलिसी बंद पडली, तर भरलेल्या प्रीमियमवरचा नफा त्या वर्षाचं उत्पन्न धरला जातो आणि कर लागतो.

भारतात परत जाण्याचा मुद्दा घेऊ, कारण याच एका वाक्यावर तुमच्या घरचं ४०१-के बंद झालं. पैसे अडकत नाहीत. देश सोडला तरी खातं तसंच राहू शकतं आणि पैसा वाढत राहतो. साडेएकोणसाठ वर्षांनंतर दंडाशिवाय काढता येतो. त्याआधी काढलात तर कर आणि बहुतेक वेळा दहा टक्के दंड. पण कंपनीने तेवढेच पैसे वर टाकलेले असल्यामुळे, मॅचपुरत्या रकमेवर कर आणि दंड धरूनही तुम्ही टाकले त्याहून जास्तच हातात येतात. भारताच्या बाजूने २०२१ मध्ये आयकर कायद्यात ८९अ कलम आलं. ठरलेला फॉर्म भरला तर अमेरिकेतल्या अशा खात्यावर दरवर्षी कर न लागता पैसे काढताना लागतो. उलट तुमच्या पॉलिसीचं बघा. भारतात १ एप्रिल २०२३ पासूनच्या पॉलिसीत वर्षाचा प्रीमियम पाच लाख रुपयांच्या वर गेला तर मॅच्युरिटीला मिळणारा नफा करपात्र ठरतो, आणि तुमचे १२,००० डॉलर दहा लाख रुपयांपलीकडे जातात. अमेरिकेत करमुक्त म्हणून विकलेली वस्तू पुण्यात करमुक्त राहीलच, असं गृहीत धरू नका.

मुलीला कॉलेजसाठी मिळणारी आर्थिक मदत ठरवताना आययूएल मोजली जात नाही, हेही त्या कागदावर हाताने लिहिलेलं आहे. खरं आहे. पण ४०१-केमधली शिल्लकही मालमत्ता म्हणून मोजली जात नाही.

आता दोन वर्षांची तुलना, बाजाराची एक पैची वाढ न धरता. हेच २४,००० डॉलर ४०१-केमध्ये गेले असते तर कंपनीचे १२,००० धरून ३६,००० झाले असते. त्यावर कर पुढे कधीतरी लागेल, मान्य. पण तुमच्या उत्पन्नाला २२ टक्क्यांचा टप्पा लागतो, म्हणजे भरतेवेळी केंद्राच्या करात वर्षाला अडीच हजारांच्या वर वाचलेही असते. एकीकडे छत्तीस, दुसरीकडे सहा.

म्हणून आज पोर्चच्या आधी एक करा. मिस्टरांना कंपनीच्या पोर्टलवर ४०१-के चार टक्क्यांवर चालू करायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे. यासाठी एन्रोलमेंटची वाट सहसा बघावी लागत नाही, पुढच्या एक-दोन पगारांपासून कपात सुरू होते. सहा हजार टाकले तरी कर वाचल्यामुळे हातातला पगार साधारण ४,७०० नेच कमी होईल.

मग विमा. विमा तुम्हाला हवाच आहे. मुलगी लहान आहे आणि घरावर कर्ज आहे. वीस वर्षांची, दहा लाख डॉलरची टर्म पॉलिसी घ्या. चांगल्या तब्येतीच्या, धूम्रपान न करणाऱ्या ३७ वर्षांच्या माणसाला ती महिना ५० ते ७० डॉलरला मिळते. तुमच्या आययूएलमध्ये साडेसात लाखांचंच कव्हर आहे, हजार डॉलर महिन्याला. टर्म पॉलिसी मंजूर होऊन चालू होईपर्यंत आययूएलचा हप्ता थांबवू नका. मधल्या काळात घर विम्याशिवाय राहता कामा नये. तब्येतीच्या कारणाने टर्म नाकारली गेली तर मला परत लिहा, मग हिशोब वेगळा होतो.

टर्म चालू झाली की आययूएल मोडा. हे वाचून पोटात गोळा येईल, मला कल्पना आहे. अठरा हजार डॉलर तोटा कागदावर येईल, आणि तो करातून वजाही होत नाही. ‘आणखी थोडी वर्षं भरू, सरेंडर चार्ज कमी होईल’ असं तुम्हाला सांगितलं जाईल. चार्ज कमी होतो हे बरोबर, पण असाच हप्ता भरत राहिलात तर दरवर्षी आणखी १२,००० जातात, आणि तेच पैसे अडकल्यामुळे मॅच सुटतो. गेलेल्या १८,००० मधला कापला गेलेला खर्च पॉलिसीत थांबून परत मिळत नाही. कंपनीचा मॅच वर्षाला ६,०००. तीन वर्षांत तो खड्डा नुसत्या मॅचनेच भरतो. पॉलिसीची वर्षपूर्ती महिन्या-दीड महिन्यावर असेल तर तेवढी तारीख मात्र बघा, कारण बऱ्याच पॉलिसींत चार्जचा टप्पा वर्षपूर्तीला उतरतो.

सरेंडरच्या ६,००० मधून क्रेडिट कार्डाचे ४,२०० एकरकमी फेडा. २७ टक्क्यांनी त्याचं व्याजच महिना नव्वदच्या वर जातंय, म्हणजे दर महिन्याला तुमच्या पोर्चची जवळपास सगळी सजावट. उरलेले अठराशे अडीअडचणीसाठी बचत खात्यात. पुढे हप्त्याचे हजार मोकळे होतात: टर्मचे साठ, ४०१-केमुळे कमी आलेले चारशे, आणि उरलेले पाचशे-साडेपाचशे तीन महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत बचतीत. तो साठला की ४०१-के चारवरून आठ-दहा टक्क्यांवर न्या, आणि आतल्या पर्यायांपैकी सगळ्यात कमी खर्चाचा इंडेक्स फंड निवडा.

फोटोंसोबत तुम्ही मित्राच्या मेसेजचाही एक फोटो पाठवलाय. तो मिस्टरांना लायसन्स काढून हेच विकायला बोलावतोय. नको. गणपतीत ज्यांच्या शेजारी उभं राहून आरती म्हणता, त्यांच्या घरात तुमच्याकडून हा कागद जायला नको. सरेंडरची विनंती त्याच्यामार्फत करू नका, विमा कंपनीला थेट लेखी पाठवा: पॉलिसी क्रमांक, आजची सरेंडर व्हॅल्यू, पुढच्या वर्षपूर्तीची तारीख आणि त्या दिवशीची सरेंडर व्हॅल्यू, एवढं लेखी मागवा. त्याला फोन करून कळवा की निर्णय झालाय, आणि त्यापुढे चर्चा नको. त्याने घरी येऊन आग्रह धरला किंवा विकताना हमीचा रकाना मुद्दाम झाकला होता असं तुम्हाला वाटत असेल, तर न्यू जर्सीच्या बँकिंग आणि विमा खात्याकडे तक्रार करता येते. गोल केलेलं ते तिसरं पान मूळ स्वरूपात जपून ठेवा, तक्रारीत तेच लागेल.