विकसनशील देशांतील सेवा-गुणवत्ता मोजण्यासाठी सर्व्हक्वाल प्रश्नावली पुरेशी आहे का?

आपण विचारले आहे की, विकसनशील देशांतील सरकारी आरोग्यसेवेच्या गुणवत्तेवर पीएच.डी.चा प्रबंध लिहायचा आहे, त्यासाठी सर्व्हक्वाल प्रश्नावली (ग्राहकाची सेवेबद्दलची अपेक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव विचारून सेवेची गुणवत्ता मोजणारी) चालेल का, आणि ३०० रुग्णांचा नमुना पुरेल का. नमुन्याकडे मी शेवटी येते. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की, एकट्या त्या प्रश्नावलीच्या आधारावर प्रबंध उभा करू नका. मी स्वतः तसा प्रबंध लिहिला आहे, त्याला पदवी मिळाली आहे, आणि त्याचा मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे हे तो सादर करण्यापूर्वीच मला कळलेले होते. म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

परसुरामन, झाइथामल आणि बेरी यांची ही मापनपट्टी आपण वाचलेली असणार, त्यामुळे तिच्या पाच परिमाणांची यादी देत नाही. १९८८ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा तिची चाचणी अमेरिकेतील बँका, क्रेडिट कार्डे, दूरध्वनी, उपकरणांची दुरुस्ती अशा सेवांच्या ग्राहकांवर झाली होती, ही बाब मात्र प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणातच लिहून ठेवा. तो ग्राहक पैसे मोजत होता, एका बँकेने नीट वागवले नाही तर दुसऱ्या बँकेत जाऊ शकत होता, आणि चांगली सेवा कशी असते याचे चित्र त्याच्या मनात आधीपासून होते. अनुभवातून अपेक्षा वजा करून गुणवत्ता काढण्याचे गणित अशाच माणसाला लागू पडते. क्रोनिन आणि टेलर यांनी १९९२ मध्ये अपेक्षांचा भाग गाळून केवळ अनुभव मोजावा असे सुचवले, आणि आपले मार्गदर्शकही कदाचित तोच सोपा मार्ग सुचवतील. पण ज्याने आयुष्यात कधी चांगली सेवा पाहिलेलीच नाही, त्याच्या अनुभवाच्या आकड्यातही त्याची खालावलेली अपेक्षा मिसळलेली असते आणि ती वेगळी काढता येत नाही.

माझे क्षेत्रकाम एका सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात झाले. तपासणीच्या खोलीतून बाहेर आलेल्या रुग्णाला औषधाच्या खिडकीपाशी रांगेत लागण्याआधी गाठायचे, बाकावर बसवायचे, एकेक विधान वाचून दाखवायचे आणि १ ते ५ पैकी एक आकडा (५ म्हणजे विधान पूर्णपणे मान्य) सांगायला लावायचा, असा क्रम होता. मूळ मापनपट्टीत २२ विधाने आहेत आणि त्यांपैकी ९ उलट बाजूने लिहिलेली आहेत, म्हणजे ती मान्य केली तर सेवा वाईट ठरते; मी त्यांचा जसाच्या तसा मराठी अनुवाद करून घेतला होता. पहिल्याच आठवड्यात एक वयस्कर बाई भेटल्या. प्रत्येक विधानाला त्या ‘पाच लिहा’ म्हणत होत्या. कर्मचारी सांगितलेल्या वेळेत काम करतात, याला पाच. कर्मचारी इतके कामात असतात की रुग्णाच्या शंकेकडे लक्ष द्यायला त्यांना वेळ नसतो, यालाही पाच. मी ते विधान पुन्हा वाचले, त्याचा अर्थ समजावून सांगितला, आणि त्यांनी मान डोलावून पुन्हा पाचच सांगितले.

सगळी विधाने संपल्यावर त्यांनी हातातला केसपेपर माझ्यापुढे धरला आणि विचारले, “ताई, यातली रात्रीची गोळी कोणती?” दोन औषधे लिहिलेली होती. अक्षर लागत होते, पण कोणते केव्हा घ्यायचे याची खूण माझ्याही ध्यानात येईना, म्हणून आम्ही दोघी परत त्या खोलीच्या दाराशी गेलो. आत पुढच्या रुग्णाची तपासणी चालू होती आणि त्याच्या खुर्चीला टेकून आणखी दोघे उभे होते. डॉक्टरांनी मान वर न करता “लिहिलंय त्यात” एवढेच उत्तर दिले. बाकावर परत आल्यावर मी त्यांना विचारले की, शंकानिरसनाच्या विधानापुढचा आकडा आता बदलू का. त्या घाईने म्हणाल्या, “नको नको, मला पुढच्या महिन्यात इथंच यायचंय.”

माझ्या हातात त्या क्षणी दोन नोंदी होत्या: पाच हा आकडा, आणि तो आकडा का दिला गेला याचे कारण. प्रबंधात केवळ पहिली नोंद गेली.

ज्यांत परस्परविरोधी विधानांना एकच आकडा मिळाला होता अशा प्रश्नावल्या मी वेगळ्या काढत गेले, आणि महिनाभरात त्यांचा गठ्ठा नीट भरलेल्या प्रश्नावल्यांपेक्षा जाड झाला. तो घेऊन मी मार्गदर्शकांकडे गेले. त्यांचे म्हणणे असे पडले की, उलट विधाने अल्पशिक्षित रुग्णाला गोंधळात टाकतात, सबब ती सरळ करून घ्यावीत. मापनपट्टीच्या मूळ कर्त्यांनीही १९९१ च्या सुधारित आवृत्तीत तेच केले आहे. हा दाखला खरा होता. मी विधाने सरळ केली, पुन्हा माहिती गोळा केली, आणि क्रॉनबाखचा अल्फा, म्हणजे प्रश्नावली विश्वासार्ह आहे हे दाखवायला सहसा दिला जाणारा आकडा, ०.९ च्या वर गेला. “आता आक्षेप कसला?” असे त्यांनी विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. ‘रुग्णांच्या दृष्टीने सेवेची गुणवत्ता समाधानकारक आहे’ हे वाक्य माझ्या नावावर छापले गेले.

ते उत्तर आज माझ्याजवळ आहे, आणि आपल्यालाही ते लागेल म्हणून सविस्तर देते. अल्फा हा आकडा विधानांच्या उत्तरांमधला आपसातला मेळ सांगतो. उत्तरे खरी आहेत की नाहीत याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही. एका रुग्णाने सगळीकडे पाच, दुसऱ्याने सगळीकडे चार आणि तिसऱ्याने सगळीकडे तीन सांगितले, तर अल्फा पूर्ण १ येतो, मग त्या तिघांनी एकही विधान ऐकलेले नसले तरी चालते. उलट विधाने काढून टाकल्यामुळे आमची मापनपट्टी सुधारली नव्हती. ज्या एकाच ठिकाणी तिचा दोष डोळ्यांना दिसत होता, ते ठिकाण आम्ही बुजवले होते. गोंधळ हे कारण मी काही जणांपुरते मान्य करते. पण गोंधळलेला माणूस कधी एक तर कधी पाच सांगतो. दर वेळी पाचच सांगणारा माणूस गोंधळलेला नसतो, त्याने परिस्थिती आपल्यापेक्षा बरी ओळखलेली असते.

मग मोजायचे कसे? टांझानियात केनेथ लेनर्ड आणि मेल्किओरी मसातू यांनी केलेले काम आपण अवश्य पाहावे. तपासणीच्या खोलीत निरीक्षक बसला की डॉक्टर अधिक काळजीने तपासतात आणि साधारण १० ते १५ रुग्णांनंतर पुन्हा मूळ पदावर येतात, असे त्यांनी २००६ मध्ये दाखवले. हे त्यांना कळले कसे, ते अधिक महत्त्वाचे आहे. निरीक्षक येण्याआधी आणि आल्यानंतर तपासलेल्या रुग्णांना त्यांनी बाहेर गाठले आणि तुम्ही समाधानी आहात का असे न विचारता, डॉक्टरांनी नेमके काय काय केले ते विचारले. ताप किती दिवसांपासून आहे हे विचारले का? छातीला नळी लावली का? औषध कसे घ्यायचे ते सांगितले का? अशा प्रश्नाला रुग्ण सहज आणि निर्भयपणे उत्तर देतो, कारण त्यात कोणाबद्दल मत द्यायचे नसते. मी त्या बाईंना हाच एक प्रश्न विचारला असता, तर उत्तर ‘नाही’ असे आले असते आणि ते माझ्या तक्त्यात राहिले असते.

याच्या पुढची पायरी म्हणजे प्रशिक्षित बनावट रुग्ण. जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशातील खेड्यांत आणि दिल्लीत असे रुग्ण ठरावीक तक्रारी घेऊन पाठवले आणि डॉक्टरांनी काय विचारले, काय दिले, याची नोंद केली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मध्य प्रदेशातील नमुन्यातल्या ६७ टक्के उपचारकर्त्यांकडे वैद्यकीय अर्हताच नव्हती, अचूक निदान विरळा होते आणि अनावश्यक किंवा चुकीची औषधे सर्रास दिली जात होती. पुढे २०१६ मध्ये याच गटाने तोच डॉक्टर सरकारी दवाखान्यात आणि स्वतःच्या खासगी दवाखान्यात कसा वागतो याची तुलना केली, आणि खासगीत तो अधिक मेहनत घेतो असे आढळले. ज्ञान तेच, हातही तेच, तरीही काम वेगळे; प्रशिक्षण वाढवले की सेवा सुधारेल या ठरावीक शिफारशीवर याहून मोठा आक्षेप मला माहीत नाही, आणि ती शिफारस माझ्याही प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात आहे.

आपला विषय व्यवस्थापनाच्या अंगाने जाणार असेल तर तिथेही हाच धडा मिळतो. निकोलस ब्लूम आणि जॉन व्हॅन रीनन यांनी २००७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत १८ व्यवस्थापन-पद्धतींना १ ते ५ गुण देतात. पण आपल्याला गुण दिले जात आहेत हे व्यवस्थापकाला सांगितलेले नसते आणि त्या कंपनीचे आर्थिक आकडे मुलाखतकाराला ठाऊक नसतात. मुलाखतीच्या शेवटी व्यवस्थापकाला स्वतःच्या कंपनीच्या व्यवस्थापनाला गुण द्यायला सांगितले जाते, आणि त्या स्वतःच्या गुणांचा कंपनीच्या प्रत्यक्ष कामगिरीशी फारसा संबंध आढळत नाही. ब्लूम यांच्याच गटाने मुंबईच्या आसपासच्या कापड कारखान्यांवर केलेल्या प्रयोगात (२०१३) अनेक मालकांना आपल्या मालाचा दर्जा आसपासच्या इतरांइतका चांगला वाटत होता, आणि नफा होतो आहे तर दर्जा-नियंत्रणाची गरज काय, असे ते विचारत होते. दोषांची रोज नोंद ठेवणे, यंत्रांची वेळेवर देखभाल, सुताच्या साठ्याची नीट मांडणी अशा ३८ साध्या पद्धती सल्लागारांनी बसवून दिल्यावर पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. त्या मालकांना समाधानाची प्रश्नावली दिली असती, तर तिचाही अल्फा उत्तमच आला असता.

अर्थशास्त्राची बाजू थोडक्यात सांगते. माणूस सेवेवर नाराज असेल तर तो सोडून जातो किंवा आवाज उठवतो, ही अल्बर्ट हर्शमन यांची १९७० ची मांडणी आहे. जिथे सोडून जाण्याला दुसरी जागा नाही आणि आवाज उठवला तर पुढच्या महिन्याची भेट अवघड होईल अशी भीती आहे, तिथे नाराजी प्रश्नावलीत उतरत नाही. जागतिक बँकेच्या २००४ च्या विकास अहवालात नागरिक, शासन आणि सेवा देणारे यांच्यातील उत्तरदायित्वाचा जो त्रिकोण मांडला आहे, तो हातात धरून आपण आपल्या आकड्यांकडे पाहिले, तर ५ हा गुण कधी कधी उत्तरदायित्वाच्या अभावाचे मापही ठरू शकतो.

आता नमुना. ३०० हा आकडा सूत्रातून काढता येतो, तो मी काढून देत नाही, कारण माझ्या मते आपला प्रश्नच जागेवर नाही. समजा, तीन रुग्णालयांतून ३०० रुग्ण घेतले, तरी ती ३०० स्वतंत्र निरीक्षणे होत नाहीत. एका रुग्णालयातील रुग्णांची उत्तरे एकमेकांसारखी असतात, म्हणून रुग्ण कमी घेतले तरी चालतील, पण रुग्णालये वाढवा. त्याहून मोठी अडचण अशी की, दारातून बाहेर येणाऱ्यांनाच विचारले, तर ज्यांना सेवा मिळालीच नाही ते आपल्या नमुन्यात कधीच येत नाहीत. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया, पेरू आणि युगांडा या पाच देशांतील आरोग्य केंद्रांना अचानक भेटी देऊन केलेल्या २००६ च्या अभ्यासात सरासरी ३५ टक्के आरोग्य कर्मचारी कामावर हजर नव्हते. अशा दिवशी आल्यापावली परत गेलेला रुग्ण कोणत्याही समाधान-सर्वेक्षणात नसतो. म्हणून काही मुलाखती घरोघरी जाऊन घ्या, आणि त्या घेणारी व्यक्ती रुग्णालयाची वाटणार नाही याची काळजी घ्या.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. रुग्णाला कसे वागवले गेले, त्याच्याशी कोणी नीट बोलले का, हा गुणवत्तेचाच भाग आहे आणि तो रुग्णाशिवाय दुसरे कोणी सांगू शकत नाही, त्यामुळे प्रश्नावली फेकून द्या असे माझे म्हणणे नाही. बनावट रुग्णांच्या पद्धतीला पैसा लागतो, नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि ज्या आजारात सुई टोचून घ्यावी लागेल तिथे ती वापरताच येत नाही. एकट्या विद्यार्थ्याने तिच्या नादी लागू नये. कापड कारखान्यांचा प्रयोग १७ कंपन्यांपुरता होता आणि आठ-नऊ वर्षांनी तिथल्या सुमारे निम्म्या पद्धती सोडून दिल्या गेल्या होत्या, हेही खरे आहे. आणि माझे मार्गदर्शक वाईट हेतूने वागले असे मला वाटत नाही; वेळेत प्रबंध पूर्ण होणे ही त्यांची जबाबदारी होती आणि ती त्यांनी पार पाडली.

तरीही पथदर्शी चाचणीत ती ९ उलट विधाने राहू द्या. विरोधी विधानांच्या एकेका जोडीला किती जणांनी एकच आकडा दिला, हे मोजून तो तक्ता मुख्य विश्लेषणाच्या आधी छापा, परिशिष्टात ढकलू नका. आपले मार्गदर्शक ती विधाने काढायला सांगतील. तेव्हा अल्फाविषयी वर जे लिहिले आहे ते त्यांच्यासमोर ठेवा, आणि त्यांनी ऐकले नाही, तर निदान भरलेल्या मूळ प्रश्नावल्या रद्दीत देऊ नका. माझा गठ्ठा मी जपून ठेवला आहे, आणि त्या बाईंच्या प्रश्नावलीच्या मागे त्यांचे वाक्य मी पेन्सिलीने त्याच दिवशी लिहून ठेवलेले आहे.