जावई म्हणतोय प्रोग्रेसिव्ह प्रेस घेऊ, घेऊ द्यावी का?

प्रश्न : नमस्कार, मी इंदूरचा, रामबागेत राहतो. सांवेर रोडला माझं प्रेस टूलचं छोटं वर्कशॉप होतं, आता मुलगा बघतो. जावई ॲरिझोनात असतो, तिथला नागरिक आहे आणि त्याला पिस्तूल मॅचेसचं भारी वेड आहे. नाइन एमएमची काडतुसं तो गॅरेजमध्ये स्वतःच भरतो, सिंगल स्टेज प्रेसवर. महिन्याला आठशे-हजार लागतात, त्यामुळे म्हणतो की बाबा सगळे वीकेंड त्यातच जातात, आता प्रोग्रेसिव्ह घेतो. मुलगी घाबरलीये, घरात चार वर्षांची नात आहे. मला मशिनीतलं कळतं म्हणून दोघंही मलाच विचारून राहिलेत. मला तर हे आपल्या स्टेज टूल (एका ठोक्यात एकच काम) आणि प्रोग्रेसिव्ह डाय (एका ठोक्यात सगळी कामं) सारखंच वाटतं, मग हरकत काय? हिवाळ्यात आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत, मीही थोडा हात लावीन म्हणतो. आणि जुनी प्रेस कास्टिंगची आहे, मस्त वजनदार, ती इंदूरला आणून टेबलावर ठेवायचा विचार आहे. चालेल ना?

उत्तर : काका, तुमची प्रोग्रेसिव्ह डायची तुलना बरोबर आहे, पण अर्ध्यापर्यंतच. सिंगल स्टेजवर एका वेळी एकच डाय (साचा) असते, सगळ्या पुंगळ्या (काडतुसांची रिकामी नळकांडी) एकेक करून तिच्यातून काढायच्या, मग डाय बदलायची, परत पहिल्यापासून. जुना प्रायमर (बुडाशी बसणारी, पावडर पेटवणारी छोटी टोपी) काढून पुंगळी मापात आणणं, नवा प्रायमर बसवणं, तोंड किंचित फाकवून पावडर भरणं, गोळी बसवणं आणि शेवटी क्रिम्प (तोंड परत दाबून घट्ट करणं), म्हणजे एका काडतुसामागे चार-पाचदा हँडल मारणं आलंच. प्रोग्रेसिव्हमध्ये गोल शेलप्लेट असते, प्रत्येक स्टेशनवर एकेक पुंगळी बसलेली, हँडल एकदा मारलं की सगळी कामं एकदम होतात आणि एक भरलेलं काडतूस ट्रेमध्ये पडतं. सिंगल स्टेजवर तासाला ५० ते १०० निघतात, प्रोग्रेसिव्हवर आरामात ४००. म्हणजे हजाराला जिथे दहा ते वीस तास लागतात तिथे अडीच तासांत काम होतं. महिन्याला शंभर-दोनशे भरणाऱ्याला मी सांगितलं असतं की उगाच खर्च करू नका, पण जावयांचा आकडा बघता त्यांचं म्हणणं काही चूक नाही, घेऊ द्या.

आता तुलनेचा उरलेला अर्धा भाग. तुमच्या पॉवर प्रेसवर पत्र्याची पट्टी पुढे सरकली नाही तर काय होतं, पीस खराब निघतो, फार तर पंच तुटतो, आणि खराब पीस डोळ्याला लगेच दिसतो. इथे खराब पीस बाहेरून अगदी चांगल्या पिसासारखाच दिसतो आणि जाऊन बसतो तो पिस्तुलात. पुंगळीत पावडर पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत थोडी पुढे जाऊन अडकते, ते लक्षात न येता मागून दुसरी झाडली की नळी फुगते नाहीतर फुटते. दुसरी चूक याच्या उलटी, डबल चार्ज. नाइन एमएममध्ये फास्ट (झटकन जळणाऱ्या) पावडरचा चार्ज, म्हणजे एका पुंगळीत टाकायचं माप, इतकासा असतो की त्याच पुंगळीत दोनदा पडला तरी मावतो, वर गोळीही बसते, आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही.

सिंगल स्टेजवाला काय करतो, पन्नास पुंगळ्या भोकांच्या ब्लॉकमध्ये उभ्या करतो, पावडर टाकतो आणि वरून टॉर्च मारतो. एखादीची लेव्हल वेगळी असली की लगेच खटकते. जावई इतके दिवस हेच करत असणार, कदाचित सवयीने, त्याला आपण चेकिंग म्हणतो हेसुद्धा डोक्यात नसेल. प्रोग्रेसिव्हवर हा थांबा आपोआप गायब होतो, कारण तिथे थांबायची जागाच नसते, आणि मशीन बदलताना माणसं नेमकं हेच विसरतात, स्पीडचं गणित करतात पण ही नजर परत कुठे बसवायची ते बघत नाहीत.

तर ती बसवायची अशी. गोळी हाताने पुंगळीवर ठेवावी लागते, त्या क्षणी आत बघितल्याशिवाय गोळी ठेवायचीच नाही, आणि आत बघता यावं म्हणून प्रेसवर छोटा एलईडी लावायचा, स्टूलची उंची तशी करायची. दुसरं म्हणजे पावडर चेक डाय, चार्ज कमी-जास्त झाला की ती बझर वाजवते किंवा दांडी वर-खाली दाखवते. तिसरं, लोड मॅन्युअलमध्ये (कुठली पावडर किती टाकायची ते सांगणारं पुस्तक) दिलेल्या पावडरींपैकी जी फुगीर आहे, म्हणजे दोनदा पडली तर पुंगळीतून सांडेलच, अशीच निवडायची. हे तिसरं मला सगळ्यात आवडतं कारण त्यात कुणी लक्ष ठेवायची गरजच नाही, चूक स्वतःच टेबलावर सांडते.

कुठली घ्यावी, तर डिलन कंपनी त्यांच्याच राज्यात आहे, स्कॉट्सडेलला. त्यांच्या ५५० ला चार स्टेशनं असतात आणि प्लेट हाताने फिरवायची असते, ७५० ला पाच स्टेशनं आणि प्लेट आपोआप फिरते. नवख्याने हाताने फिरवायची घ्यावी असं बरेच जण सांगतात, मला ते अर्धवट पटतं. हळू चालते हे खरं, पण फिरवायचं विसरलं की त्याच पुंगळीत परत पावडर, तीच वरची डबल चार्जची गोष्ट. आपोआप फिरणारी विसरत नाही, आणि पाचवं स्टेशन असल्यामुळे पावडर चेकला जागा मिळते. एकाच मापाची हजार काडतुसं भरायची असतील तर माझं मत पाच स्टेशनवालीला.

पण कुठलीही घेतली तरी गडबड होते ती थांबल्यानंतर. प्रायमर उलटा बसला, पुंगळी तिरकी अडकली, हँडल अर्ध्यात थांबलं, नातीने हाक मारली, फोन आला. परत बसल्यावर कोणत्या पुंगळीत पावडर पडलीय ते आठवायच्या भानगडीत पडायचंच नाही. पावडर स्टेशनवरच्या आणि त्यापुढच्या सगळ्या पुंगळ्या काढायच्या, पावडर रिकामी करायची आणि नव्याने सुरू. आणि हँडल जड लागलं तर जोर लावायचा नाही, शंभर प्रायमर एकावर एक ट्यूबमध्ये उभे असतात, एक चिरडून पेटला तर बाकीचे सोबत जाऊ शकतात. चष्मा डोळ्यावर पाहिजेच.

सुरुवातीला प्लेटवर एकच पुंगळी ठेवून तिला सगळ्या स्टेशनांतून फिरवावं, मग दोन, मग भरलेली प्लेट. अधूनमधून एक चार्ज काट्यावर मोजावा, तयार काडतूस केस गेजमध्ये (माप बरोबर आहे का ते दाखवणारा साचा) टाकून बघावं. स्पीड येतो मागून, त्याच्या मागे लागायची गरज नाही.

ताईंची भीती मात्र वेगळ्या जागी वळवायला हवी. स्मोकलेस पावडर मूळ डब्यात झाकण लावून, गारव्यात, कुलपात असेल तर ती गॅरेज उडवत नाही. खरा त्रास शिशाचा. जुन्या प्रायमरच्या राखेत शिसं असतं, पुंगळ्या ड्राय टंबलरमध्ये (कोरड्या भुशात घोळवणारं मशीन) साफ करताना तीच धूळ उडते, ती हातावर, कपड्यांवर, चपलांवर बसून घरात येते, आणि लहान मुलांना शिसं फार थोडंसुद्धा बाधतं. प्रोग्रेसिव्ह आली म्हणजे पुंगळ्या जास्त, म्हणजे धूळही जास्त. म्हणून त्यांनी भांडायचं असेल तर यासाठी भांडावं : पुंगळ्या ओल्या पद्धतीने धुवायच्या, गॅरेजमध्ये चहा-चिवडा काही नाही, साबणाने हात धुऊन, कपडे-चपला बदलूनच नातीला उचलायचं, आणि ती आत येणार नाही असं दार.

आता तुमचं. तुम्ही व्हिजिटर व्हिसावर जाणार ना? मग हात लावू नका काका, खरंच. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा ॲम्युनिशन बाळगायला बंदी आहे, आणि तिथे ॲम्युनिशनमध्ये नुसती पुंगळी, प्रायमर, गोळी, पावडर हे सगळं धरतात. शिकारीचं लायसन्स वगैरे अपवाद आहेत, पण त्यासाठी तिथल्या वकिलाला विचारावं लागेल. जावई नागरिक आहेत, त्यांचं वेगळं. तुम्ही बाजूला खुर्ची टाकून बसा आणि मापं-ॲलाइनमेंट काय ते तोंडाने सांगा.

आणि जुनी प्रेस सूटकेसमध्ये अजिबात नको. आपल्या आर्म्स ॲक्ट, १९५९ च्या कलम २ मधल्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि काडतुसं बनवायची मशिनरी, दोन्ही ॲम्युनिशनमध्येच येतात, आणि लायसन्सशिवाय बनवायला कलम ५ ची मनाई आहे. तुमच्यासाठी ते टेबलावरचं सुंदर कास्टिंग असेल, कस्टमवाल्याला ते तसं दिसेलच असं नाही. बॅगेत आठवण म्हणून एखादी रिकामी पुंगळीसुद्धा राहू देऊ नका, निघताना खिसे तपासा. शिवाय जावयांना ती प्रेस लागणारच आहे, चुकलेल्या काडतुसातून गोळी परत ओढून काढायला, नवीन डाय ट्राय करायला, कधी रायफलची वीस-पंचवीस निवांत भरायला, त्यासाठी कोणी प्रोग्रेसिव्ह सेट करत बसत नाही. बेंचच्या दुसऱ्या टोकाला बोल्ट मारून ठेवायला सांगा.