तंबू ठोकायचा, पण जमीन कुणाची?

मे महिना उजाडला की या सदराकडे रानात मुक्काम करण्याविषयीची पत्रे येऊ लागतात. त्यांपैकी ठाणे आणि नवी मुंबई येथील चार वाचकांचे प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे घेतले आहेत.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीतील तीन कुटुंबे काजवे पाहण्यासाठी जूनच्या पहिल्या आठवड्यात भंडारदऱ्याला जाणार आहेत. दोन रात्री तंबूत राहावे असा विचार आहे. मोबाइलवर असंख्य कॅम्प दिसतात आणि प्रत्येक जण स्वतःला अधिकृत म्हणवतो. खरा अधिकृत कोणता, हे कसे ओळखावे? स्वतःचे तंबू नेले तर चालेल का?

उत्तर : जेवणात काय मिळते आणि माणशी दर किती, ही चौकशी मागाहून करावी. तंबू ज्या जमिनीवर उभा राहणार ती कुणाची, हे आधी विचारावे, कारण बाकीचे सगळे नियम त्या एका उत्तरावर ठरतात. भंडारदऱ्याच्या परिसरातील पुष्कळसे रान हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. हे अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र ३६१ चौरस किलोमीटरहून थोडे अधिक आहे. तेथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो, आणि त्यानुसार अभयारण्यात जाण्यासाठीच मुळात परवानगी लागते. नाक्यावर पैसे भरून जी पावती हाती पडते ती प्रवेशाची असते. ती दाखवून वनजमिनीवर कोठेही तंबू ठोकता येतो, असा समज करून घेऊ नये.

दुसरी जमीन जलाशयाच्या काठाची. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणामागचे आर्थर सरोवर उन्हाळ्याअखेर बरेच आटते आणि काठाची सपाट, मऊ जमीन उघडी पडते. छायाचित्रांत सर्वांत देखणे दिसणारे तंबू नेमके तेथेच असतात. ती जमीन धरणाची, म्हणजे सरकारी असते, आणि कॅम्प चालवणाऱ्याचा तिच्यावर मालकीहक्क नसतो.

तिसरी जमीन खासगी मालकीची. शेंडी, मुरशेत, उडदावणे, रतनवाडी, साम्रद ही गावे अभयारण्याहूनही जुनी आहेत, आणि तेथील शेतकरी भाताची खाचरे पेरणीपूर्वी मोकळी असतात तेव्हा त्यांत पाहुण्यांची सोय करतात. आपण राहावे ते अशा ठिकाणी. फोनवर सरळ विचारावे की जागा कुणाच्या नावावर आहे आणि घर तेथून किती अंतरावर आहे. ज्याचे घर हाकेच्या अंतरावर आहे तो यजमान, आणि जो ठाण्यात किंवा पुण्यात बसून केवळ पैसे स्वीकारतो तो दलाल, इतका ढोबळ फरक मी तरी करतो. मालकाची संमती असेल तर स्वतःचे तंबू नेण्यास हरकत नाही. पूर्णपणे सरकारी व्यवस्थाच हवी असेल तर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान भंडारदऱ्याला आहे.

घराच्या अंतराचा आग्रह मी उगाच धरत नाही. काही वर्षांपूर्वी याच दिवसांत आम्ही एका गावात खाचरात तंबू ठोकून झोपलो होतो. पहाटे तीनच्या सुमारास वळीव आला आणि खाचराला चारी बाजूंनी बांध असल्यामुळे पाणी निघून जाण्याऐवजी आमच्याच खाली साठू लागले. यजमानीणबाईंनी कंदील घेऊन पडवीतल्या शेण्यांची थप्पी एका कोपऱ्यात सारली, तेवढ्या जागेत आम्ही सहा जण उजाडेपर्यंत बसून राहिलो, आणि त्या शेण्यांमुळेच सकाळी त्यांची चूल पेटली. पाण्याच्या काठावर उतरलेल्या दुसऱ्या एका गटाला मात्र चढ चढून पडवी गाठेपर्यंत अर्धा तास चिखल तुडवावा लागला. तंबू खाचरात ठोकायचा असेल तर बांधाचे पाणी जाण्याचे तोंड मोकळे आहे ना, हे दिवसाउजेडी पाहून घ्यावे.

आता काजव्यांविषयी, कारण तुम्ही जाणार आहात ते त्यांच्यासाठी. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते मेअखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत दिसतात. हा लखलखाट नर आणि मादी यांचा परस्परांशी चाललेला संवाद असतो, आणि गाडीचा प्रखर दिवा पडला की तो तुटतो. एका सादड्यासमोर मी हे पाहिले आहे. झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एका तालात पेटत-विझत होते. वळणावरून एक गाडी आली, तिचा झोत त्यावर पडला, आणि ती गेल्यावरही झाड बराच वेळ काळेच राहिले. म्हणून गाडी मुक्कामी ठेवून चालत जावे, विजेरीच्या तोंडाला लाल कागद लावावा आणि झाडाखाली मुळीच शिरू नये. काजव्यांची अंडी आणि अळ्या जमिनीत, ओलसर पालापाचोळ्यात वाढतात, आणि पुढच्या वर्षीचे काजवे त्या वेळी आपल्या पायांखालीच असतात. वन विभाग या हंगामात रात्रीच्या प्रवेशाची वेळ ठरवून देतो. निघण्यापूर्वी ती यजमानाकडून विचारून घ्यावी.

प्रश्न : मी वसंत विहारमध्ये राहतो. येऊर इतके जवळ असताना भंडारदऱ्यापर्यंत कशाला जावे? येऊरच्या जंगलात एक रात्र मित्रांसह काढता येईल का?

उत्तर : नाही. येऊरचे जंगल म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू, आणि राष्ट्रीय उद्यानातील निर्बंध अभयारण्यापेक्षाही कडक असतात. त्याखेरीज एकशे तीनच्या आसपास चौरस किलोमीटरच्या या उद्यानात बिबटे आहेत, आणि रात्रीची वाट त्यांची असते. सकाळी लवकर नोंद करून फाटकातून आत जावे आणि ठरलेल्या वाटेने फिरून परत यावे. एवढ्यानेही पक्षी पुष्कळ दिसतात. येऊरमधील बंगल्यांत रात्री वाजणाऱ्या संगीताविषयी तुम्ही पत्रात जे लिहिले आहे, त्याच्याशी मी सहमत आहे. परंतु इतरांनी नियम मोडला म्हणून आपल्याला तंबूचा हक्क मिळत नाही.

प्रश्न : ऐरोलीहून सासूबाई (वय ६८) आणि दोन लहान मुलांसह एका दिवसासाठी कर्नाळ्याला जायचे आहे. तेथे चूल मांडून स्वयंपाक करता येईल का? किल्ला मुलांना झेपेल का?

उत्तर : कर्नाळा अभयारण्य पनवेलपासून बारा-एक किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गालगतच आहे. पनवेलहून पेणकडे जाणाऱ्या एसटीनेही उतरता येते. चूल मात्र मांडू नये. अभयारण्यात आग पेटवण्यास कायद्याने मनाई आहे, आणि फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत वाळलेल्या गवतात एक ठिणगी वणव्याला पुरेशी होते. कर्नाळ्याला याहून वेगळे एक कारण आहे : किल्ल्याच्या अंगठ्यासारख्या सुळक्यावर आग्या मोहोळे असतात. धूर, अत्तराचा उग्र वास किंवा आरडाओरडा यांमुळे माश्या उठल्या तर अरुंद वाटेवरून पळायलाही जागा नसते. त्यामुळे किल्ला या खेपेला सोडून द्यावा, असे मी म्हणेन. सासूबाई आणि मुले यांच्यासाठी पायथ्याची हरियाल निसर्गवाट अधिक सुखाची आहे. भाकरी, चटणी, दशम्या असा कोरडा शिधा घरून डब्यांत न्यावा. प्लास्टिकच्या वस्तू फाटकावर मोजल्या जातात, अनामत घेतली जाते आणि परतताना त्या दाखवल्यावर ती परत मिळते.

प्रश्न : रानात राहायचे म्हटले की घरच्यांना सापांची भीती वाटते. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, कळवा)

उत्तर : रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकू नये, बूट तंबूच्या आत ठेवावेत आणि सकाळी झटकून घालावेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस चालते, म्हणून साप मारून किंवा पकडून सोबत नेण्याची गरज नसते. दंश झालाच तर आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, तोंडाने विष ओढणे यांपैकी काहीही करू नये. अवयव हलू न देता १०८ क्रमांकावर फोन करून सरळ रुग्णालय गाठावे. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला आणि अंगावर कोठे काळी खपली दिसली, तर रानात राहिल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. चिगर नावाच्या अतिसूक्ष्म किड्याच्या चाव्यामुळे स्क्रब टायफस होतो, आणि मुक्कामाचा उल्लेख झाला नाही तर त्याचे निदान लांबते.

भंडारदऱ्याकडे गेल्यास ग्रामीण रुग्णालय राजूरला आहे. दरीत मोबाइलला नेहमी रेंज मिळतेच असे नाही, म्हणून रात्री-अपरात्री गावात गाडी कुणाकडे असते आणि ती कोण चालवतो, हे यजमानाला पहिल्याच संध्याकाळी विचारून घरही पाहून ठेवावे.