दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघात वर्णावर आधारित आरक्षण आहे का?
आहे, पण प्रत्येक सामन्याला नाही. २०१६ मध्ये बोर्डाने हंगामाच्या सरासरीवर लक्ष्य ठरवलं: अकरात सहा गौरेतर (कृष्णवर्णीय आफ्रिकी, मिश्रवंशीय, भारतीय वंशाचे) खेळाडू, त्यांत किमान दोन कृष्णवर्णीय आफ्रिकी.

‘कोट्यातला’ हा शिक्का मला फार अन्यायकारक वाटतो. संघाचा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी कसोटीपटू, वेगवान गोलंदाज मखाया एन्टिनी १९९८ मध्ये आला आणि कसोटीत ३९० बळी घेऊन गेला. कृष्णवर्णीय कर्णधार तेंबा बावुमाने २०२५ मध्ये लॉर्ड्सवर संघाला कसोटी अजिंक्यपद जिंकून दिलं.

खरी अडचण खाली, शाळांच्या पातळीवर आहे. आजचे कृष्णवर्णीय वेगवान गोलंदाज रबाडा, एन्गिडी दोघेही महागड्या खासगी शाळांत घडले. गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या शाळांना धड खेळपट्टी, प्रशिक्षक मिळत नाहीत, तोवर वरचे आकडे अपुरेच. तरीही ते काढून टाकावेत, असं मला वाटत नाही.